बॉल हातात नसताना काय करायचं? खो-खो, आट्यापाट्या आणि फुटबॉलमधून शिकवता येणारी हालचाल

"सर, मी मोकळीच होते, पण पासच आला नाही." शाळेचा किंवा क्लबचा बास्केटबॉल संघ घडवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मुलगी खरंच बोलत असते. ती कोपऱ्यात मोकळी होती, गुडघ्यांवर हात टेकून बॉलकडे बघत उभी होती. तिची डिफेंडर तिला सोडून पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या आखीव चौकोनात, मदतीला गेली होती, कारण ही जागची हलणार नाही हे तिला पहिल्या दोन मिनिटांतच कळलं होतं. आपण चौघींच्या विरुद्ध पाचजणी, असा सामना तिथून पुढे सुरू राहतो.

एक साधा हिशोब करून बघा. सामना ४० मिनिटांचा. त्यातला साधारण अर्धा वेळ बॉल आपल्याकडे, म्हणजे २० मिनिटं. तो पाचजणींत सारखा वाटला तरी एकीच्या हातात ४ मिनिटं येतात. आक्रमणाची उरलेली १६ मिनिटं तिच्याकडे बॉल नसतो. सरावात मात्र आपण ड्रिबल (बॉलला टप्पे मारत नेणं), लेअप (बास्केटजवळ जाऊन बॉल टाकणं) आणि शूटिंगच घेतो, म्हणजे त्या ४ मिनिटांची तयारी करतो. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने इंडियाना पेसर्सविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले. त्यासाठी त्याने बॉल फक्त ११ वेळा टप्पा मारून खेळवला, आणि बॉल त्याच्या हातात सगळा मिळून जेमतेम दीड मिनिट होता. बाकी सगळं काम पायांनी आणि डोळ्यांनी झालं होतं.

ही हालचाल शिकवण्यासाठी मी दुसऱ्या खेळांकडे का वळलो, ते आधी सांगतो. मुलांना "हला, हला" म्हणून ओरडलं की ती पळतात. कुठेही पळतात. ड्राइव्ह करणाऱ्याच्या, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे घुसणाऱ्याच्या, वाटेत येतात, दोघं एकाच कोपऱ्यात जातात. खोट पायांत नसते, नजरेत असते. बास्केटबॉलच्या मैदानावर बॉल असतो आणि बॉल नजर खेचून घेतो. खो-खो आणि आट्यापाट्यांत बॉलच नाही. तिथे बघायला फक्त समोरच्याचं शरीर असतं, म्हणून समोरचा कधी फसला हे ओळखायची सवय तिथे आपोआप लागते. ही सवय आपल्या गावागावांत पडून आहे, आणि आपण बास्केटबॉलवाले तिच्याकडे बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण एक धोका आधीच सांगून ठेवतो. एका हंगामात मी महिनाभर वॉर्मअप म्हणून खो-खो खेळवला. मुलं खूश होती, दमही वाढला. सामन्यात मात्र काहीच बदललं नाही. खो-खोतलं शहाणपण खो-खोतच राहिलं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: दुसऱ्या खेळातून एका वेळी एकच गोष्ट उचलायची, आणि ती त्याच संध्याकाळी, पाणी पिऊन झालं की लगेच, बास्केटबॉल हातात देऊन वापरायला लावायची. या जोडणीच्या सरावाला मी 'पूल' म्हणतो. खाली प्रत्येक खेळाबरोबर त्याचा पूल दिला आहे. पूल गाळणार असाल तर तो खेळही गाळा, तो वेळ शूटिंगला द्या.

पायरी १ : आधी मोजा

एका सराव सामन्याची १० मिनिटं मोबाइलवर चित्रित करा. मोबाइल उंचावर हवा. गॅलरी, पहिल्या मजल्याची खिडकी, काहीही चालेल, पण दहाही खेळाडू चौकटीत दिसले पाहिजेत. बॉलच्या मागे कॅमेरा फिरवू नका. घरी बसून एकेका खेळाडूसाठी तीन आकडे काढा: आपल्या आक्रमणात ती किती सेकंद दोन्ही पाय रोवून उभी होती, रिमच्या (बास्केटच्या कड्याच्या) दिशेने किती वेळा कट मारला, म्हणजे डिफेंडरला चकवून झटक्यात धाव घेतली, आणि पास दिल्यावर लगेच किती वेळा जागा बदलली. वही पुरेशी आहे.

हे आकडे मुलांना दाखवताना नावं घेऊन लाजवू नका. प्रत्येकीला तिचाच आकडा द्या. कोपऱ्यातल्या त्या मुलीला स्वतःचे उभे राहिलेले सेकंद दिसले की पुढची निम्मी समजावणी वाचते.

पायरी २ : मान फिरवायची सवय, फुटबॉलकडून

चांगला मिडफिल्डर पास यायच्या आधी दोन-तीनदा खांद्यावरून मागे बघून घेतो. बॉल पायाशी येतो तेव्हा पुढचं सगळं त्याचं ठरलेलं असतं. बायर्न म्युनिककडून खेळताना थॉमस म्युलरने स्वतःला 'राउमडॉयटर' म्हणवून घेतलं, म्हणजे मोकळ्या जागेचा अर्थ लावणारा. तो फार वेगवान नाही, ड्रिबलिंगसाठीही ओळखला जात नाही. तरी तो गोलसमोर सापडायचा, कारण जागा रिकामी होण्याआधी त्याने ती पाहिलेली असायची.

फुटबॉलवाले 'रोंडो' खेळतात. गोलात पाच-सहाजण, मध्ये दोघं बॉल हिसकावायला. हाच आपण हातांनी खेळायचा. साधारण ६ मीटर बाजूचा चौकोन आखा. बाहेर पाच, आत दोन. ड्रिबल नाही, बॉल दोन सेकंदांत सुटला पाहिजे. तुम्ही चौकोनाबाहेर फिरत राहा आणि मध्येच हात वर करून बोटं दाखवा. बॉल पकडण्याआधी पकडणारीने बोटांचा आकडा मोठ्याने सांगायचा. चुकला तर ती आत. पहिल्या दिवशी पास सुटतील, बॉल नाकावर आदळेल असं वाटून मुली बिचकतील. म्हणून सुरुवातीला बाउन्स पासच ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माना आपोआप फिरायला लागतात.

पूल: 'तिसरा माणूस'. फुटबॉलमध्ये पहिला दुसऱ्याला पास देतो तेव्हा खरी धाव तिसऱ्याची असते. आपल्याकडे असं करा. एक खेळाडू टॉपला (रिमसमोर, लांब), दुसरी हाय पोस्टवर (फ्री थ्रो रेषेजवळ), तिसरी विंगवर (बाजूला). टॉपवरून हाय पोस्टला पास सुटला की विंगवरची बॅकडोअर कट मारते, म्हणजे डिफेंडरच्या पाठीमागून रिमकडे धावते, आणि हाय पोस्टवरून तिला बाउन्स पास मिळतो. सगळं लक्ष एकाच क्षणावर ठेवा: बॉल हवेत असतानाच पाय हलला पाहिजे. हाय पोस्टवालीने बॉल पकडल्यावर ही निघाली, तर उशीर झाला. तोपर्यंत डिफेंडरने मान वळवून तिला परत पाहिलेलं असतं. बॉल हवेत असतो तेव्हा डिफेंडरचे डोळे त्याच्या मागे गेलेले असतात, चोरी करायची ती तेवढ्याच वेळात. १९९६ मध्ये अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धेत प्रशिक्षक पीट कॅरिल यांच्या प्रिन्स्टन संघाने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं हरवलं. शेवटचे निर्णायक दोन गुण अशाच बॅकडोअर कटवर आलेल्या लेअपचे होते. मुलांना तो प्रसंग जरूर दाखवा.

पायरी ३ : खांदा वाचणं, खो-खोकडून

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

खो-खोत पाठलाग करणाऱ्यावर एक बंधन असतं. त्याच्या खांद्याची रेषा एका बाजूला वळली की दिशा ठरली. मग खांबापर्यंत जाईपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही, आणि मधली पट्टी ओलांडताही येत नाही. त्यामुळे पळणारा त्याच्या पायांकडे किंवा हाताकडे बघत बसत नाही, तो खांद्यावर नजर ठेवतो. खांदा वळेपर्यंत वाट बघायची, वळला की उलट्या बाजूने निसटायचं. लवकर निघालं तर तो दिशा घेतच नाही, खो देऊन मोकळा होतो. उशीर झाला तर गडी बाद. पाव सेकंदाचा खेळ आहे तो.

आता बास्केटबॉलच्या डिफेंडरकडे बघा. तिच्यावर नियमाचं बंधन नाही, पण शरीराचं आहे. तिने कंबर एका बाजूला उघडली आणि पाय त्या दिशेला टाकला, की परत फिरायला तिला एक पाऊल जास्त लागतं. त्या एका पावलात कट होतो. खो-खोचा मुरलेला खेळाडू हे न शिकवता करतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. त्या सामन्यांची पाच मिनिटं संघाला दाखवा. पळणाऱ्याने दिशा बदलायच्या आधी चित्र थांबवा आणि विचारा, "आता ही कुठे जाईल? कशावरून?" उत्तरात 'खांदा' हा शब्द येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मैदानावर पूर्ण खो-खो लागत नाही. बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर बाय १५ मीटर, खो-खोचं २७ बाय १६. म्हणजे आपलं मैदान जवळजवळ तेवढंच आहे. पण अर्ध्यातच काम भागतं. एका ओळीत चौघींना एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसवा, दोन टोकांना दोन खुर्च्या खांब म्हणून ठेवा. एकच पळणारी, ३० सेकंद. आधी दोन दिवस 'साखळी', म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणं. मग दोन दिवस 'गोल', म्हणजे दोघी-तिघींभोवती फिरत राहणं. सिमेंटच्या मैदानावर सूर मारायला सक्त मनाई करा. खांबाला सूर मारून गडी टिपायचा मोह मुलांना होतोच, आणि कोपर-गुडघे सोलले की पुढचा आठवडा वाया जातो.

पूल दोन भागांत आहे.

पहिला भाग: विंगवर आक्रमक, तिच्यावर डिफेंडर, टॉपला पास देणारी. डिफेंडरने तीनपैकी एक गोष्ट करायची. पासच्या वाटेत हात घालून अडवायचं, मागे सरकून जागा द्यायची, किंवा बॉलकडे मान वळवायची. आक्रमकाने काहीही आधी ठरवायचं नाही. वाटेत हात आणि खांदा आला तर मागून बॅकडोअर. जागा दिली तर बाहेर येऊन बॉल घ्यायचा. डोक्याची मागची बाजू, वेणी, रबरबँड दिसला, की तत्काळ रिमकडे. 'वेणी दिसली की निघ' हे आमच्याकडचं परवलीचं वाक्य झालंय. सुरुवातीला चालत, मग अर्ध्या वेगाने, मग पूर्ण वेगाने. एकीला सलग सहापेक्षा जास्त वेळा देऊ नका. थकल्यावर ती बघणं सोडते आणि अंदाज बांधायला लागते.

दुसरा भाग स्क्रीनचा, म्हणजे सहकारी खेळाडूच्या डिफेंडरची वाट शरीराने अडवून उभं राहण्याचा. खो-खोत बसलेले खेळाडू म्हणजे एका परीने स्क्रीनच, त्यांच्या आडोशाने पळणारा सुटतो. बास्केटबॉलमध्ये लो पोस्टजवळ (रिमजवळ, पेंटच्या कडेला) एक स्क्रीनर उभी करा. कटरने आधी डिफेंडरला दोन पावलं उलट्या दिशेला न्यायचं, मग स्क्रीनकडे वळायचं. जाताना तिचा खांदा स्क्रीनरच्या कमरेला घासून गेला पाहिजे. मध्ये एक हात जागा राहिली तर डिफेंडर तिथून शिरते आणि स्क्रीन फुकट जातो. आता वाचन: डिफेंडर पाठोपाठ येत असेल तर स्क्रीनला वळसा घालून रिमकडे, म्हणजे कर्ल. डिफेंडर स्क्रीनच्या पलीकडून आडवाटेने पुढे यायला निघाली, तर तिथेच थांबून उलट कोपऱ्याकडे, म्हणजे फ्लेअर. पाठोपाठ येणारी ही 'गोल' खेळवणाऱ्यासारखी असते, आडवाटेने येणारी पुढे खो मिळालेल्या खेळाडूसारखी. खो-खो खेळलेल्या मुलांना ही तुलना एका वाक्यात कळते. स्क्रीनरला मात्र बजावून ठेवा की धक्का लागताना ती स्थिर हवी, आणि धावत्या डिफेंडरला थांबायला किंवा दिशा बदलायला निदान एक पाऊल जागा हवी. नाहीतर फाउल आपल्याच नावावर.

पायरी ४ : झुकांडी, आट्यापाट्यांकडून

आट्यापाट्या आता कमी दिसतात, पण विदर्भात आणि इतरही काही भागांत त्या जिवंत आहेत. हा खेळ सगळा हुलकावणीचाच. प्रत्येक पाटी (आखलेला आडवा पट्टा) अडवणारा आपल्या पाटीपुरताच सरकू शकतो, आणि पलीकडे जाणाऱ्याने त्याला एका बाजूला ओढून दुसऱ्या बाजूने निसटायचं. घरात आजोबा-आजी हा खेळ खेळलेले असतील तर त्यांना एक दिवस मैदानावर आणा. मी जे शब्दांत सांगतोय ते ते खांदा हलवून दाखवतील.

आपल्याला तीन आडव्या रेषा पुरतात, प्रत्येकी ५-६ मीटर लांब, एकमेकींपासून ३ मीटरवर. प्रत्येक रेषेवर एक डिफेंडर, फक्त बाजूला सरकणारी. पलीकडे जाणारीला अट एकच: एका रेषेसमोर जास्तीत जास्त तीन सेकंद. इथे एक चूक हमखास दिसते. मुलं हुलकावणी म्हणून नुसतं डोकं हलवतात, आणि डिफेंडर ढिम्म राहते. हुलकावणी पटायला पाहिजे. त्यासाठी वजन खरोखर त्या पायावर गेलं पाहिजे, डोळेही तिकडेच गेले पाहिजेत. वेग आधी कमी, मग एकदम जास्त. एकाच वेगाने मारलेला कट कितीही जोरात असला तरी अडवता येतो.

पूल: व्ही-कट. विंगवरून रिमकडे तीन पावलं सावकाश, शेवटचं पाऊल जोरात रोवून झटक्यात बाहेर, हात पुढे, बॉल. डिफेंडर फसली नाही तर थांबायचं नाही, रिमकडे चालू राहायचं. मग तोच बॅकडोअर होतो. हे सरळ एक-विरुद्ध-एक खेळवा, पाच वेळांत किती वेळा बॉल मिळाला ते मोजा.

थोडक्यात आणखी तीन

लंगडी: कटचा अर्धा भाग म्हणजे एका पायावर थांबणं. १५ मीटरची मैदानाची रुंदी लंगडी घालत ओलांडायची, मध्ये तुमची शिट्टी वाजली की त्याच पायावर दोन सेकंद स्थिर. गुडघा आत वळत असेल तर वेग कमी करा. प्रत्येक पायाने दोनदा, बास. ज्यांचा घोटा किंवा गुडघा दुखतोय त्यांनी करायचं नाही.

हँडबॉल: सहा मीटरच्या रेषेवर गोलकडे पाठ करून उभा राहणारा पिव्होट बचाव करणाऱ्याला अडवतो आणि लगेच वळून स्वतः पासला तयार होतो. आपल्या स्क्रीनर मुली स्क्रीन लावून बघत बसतात, त्यांना हा वळसा शिकवा. स्क्रीन लावला की छाती बॉलकडे, हात वर. एनबीएतला दिग्गज हकीम ओलाजुवॉन नायजेरियातल्या लागोसमध्ये आधी हँडबॉल आणि फुटबॉलचा गोलरक्षक म्हणून खेळला. बास्केटबॉल त्याच्याकडे उशिराने आला, आणि त्याचं पदलालित्य आजही दाखवून शिकवलं जातं.

कबड्डी मी जपून वापरतो. चढाईत समोरच्या सातहीजणांवर एकदम नजर ठेवावी लागते, ते फार मोलाचं आहे. पण पकडीची सवय बास्केटबॉलमध्ये आली की शिट्ट्याच शिट्ट्या. म्हणून फक्त हात न लावता चढाई, 'निदान रेषे'पर्यंत (चढाई वैध ठरायला ओलांडावी लागते ती रेषा) जाऊन परत, एवढंच.

सहा आठवडे कसे मांडायचे

आठवड्यातून तीन दिवस, सरावाची पहिली ४० मिनिटं: १५ मिनिटं दुसरा खेळ, १० मिनिटं पूल, १५ मिनिटं तीन-विरुद्ध-तीन. पहिले दोन आठवडे हातांचा रोंडो आणि त्याचा पूल 'तिसरा माणूस', पहिल्याची सुरुवात चित्रणाने. तिसरा, चौथा खो-खोचे. पाचवा आट्यापाट्यांचा. सहाव्यात नवीन काही नाही, सगळं मिसळून, आणि शेवटी पुन्हा १० मिनिटांचं चित्रण. लंगडी रोज वॉर्मअपमध्ये. पावसाळ्यात मैदान ओलं असेल तर दिशा बदलायचे सराव करूच नका. शाळेच्या हॉलमध्ये किंवा पडवीत चालत-चालत वाचनाचे सराव घ्या, त्यांना वेग लागत नाही. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ही वेळापत्रकं नकोत, त्यांना नुसतं खो-खो आणि लंगडी भरपूर खेळू द्या.

तीन-विरुद्ध-तीनचे नियमच शिकवतात, म्हणून ते नीट ठेवा. ड्रिबल अजिबात नाही. पास देऊन जागेवर उभं राहिलं की बॉल समोरच्या संघाला. कटवर पास घेऊन झालेल्या बास्केटला ३ गुण, बाकी सगळ्यांना १. आक्रमणाला १४ सेकंद.

दुसऱ्यांदा मोजल्यावर आकडे हलले नसतील तर आधी कट मारणारीकडे बघू नका, पास देणारीकडे बघा. एखादी मुलगी तीनदा जीव तोडून रिमकडे जाते आणि तिन्ही वेळा तिच्याकडे कुणी बघतही नाही, तर चौथ्यांदा ती जात नाही, पुन्हा कोपऱ्यात उभी राहते. माझ्याकडे हेच झालं होतं. गार्डची, म्हणजे बॉल पुढे आणणारीची, नजर ड्रिबलवर असायची. मी दोन आठवडे एक नियम लावला. कट मारणारीला पास देता आला नाही, तरी गार्डने तिचं नाव घेऊन ओरडायचं: "पाहिलं गं!" पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. आठवडाभरात गार्डला नाव घेण्यासाठी मान वर करावीच लागली, आणि मान वर आली की पास सुटायला लागले. कोपऱ्यातून येणाऱ्या मुलीने तेव्हापासून हात पुढे करून धावायला सुरुवात केली, बॉल येणारच आहे अशा तयारीत.